तेवीस कोटींतला एक भाग

भिंतीवरच्या सॉकेटमध्ये २३० व्होल्ट असतात. ऑपरेशन थिएटरच्या कोपऱ्यात बसून मी दिवसभर ज्याची वाट पाहते तो असतो साधारण एक मायक्रोव्होल्ट, म्हणजे त्या सॉकेटमधल्या विजेचे तेवीस कोटी भाग केले तर त्यातला एक. घड्याळात घालतो तो दीड व्होल्टचा साधा सेल घेतला, तरी त्याचे पंधरा लाख तुकडे करावे लागतील. भूल दिलेल्या माणसाच्या घोट्यापाशी आम्ही एक हलका विजेचा ठोका देतो. तो पाठीच्या मज्जारज्जूतून चढत मेंदूपर्यंत पोचला, की डोक्याच्या कातडीवर हा मायक्रोव्होल्ट उमटतो. तो उमटत राहिला तर वाट शाबूत आहे. तो विरायला लागला, तर हातात हत्यार असलेल्या सर्जनला मला थांबवायचं असतं.

या कामाला थिएटरमध्ये सगळे नुसतं ‘मॉनिटरिंग’ म्हणतात. पूर्ण नाव इंट्राऑपरेटिव्ह न्यूरोमॉनिटरिंग. मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही. मी तंत्रज्ञ आहे. रुग्ण झोपलेला असतो, नातेवाईक बाहेर असतात, त्यामुळे मला ओळखणारं कुणी नसतं. त्याची खंत नाही. पण या कामात जे आकडे रोज डोळ्यांसमोरून जातात ते मला अजूनही थक्क करतात, आणि ते माझ्यापाशीच राहू नयेत असं वाटतं.

पाठीच्या बाकाची शस्त्रक्रिया घ्या. वाढीच्या वयातल्या शंभर मुलांपैकी दोन-तीन जणांचा कणा बाजूला वळलेला असतो. बहुतेकांना नुसती देखरेख पुरते. बाक ४५-५० अंशांच्या पुढे गेला, की सरळ करण्याचा विचार होतो, आणि अशा मोठ्या बाकांमध्ये मुलींची संख्या पुष्कळच जास्त असते. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी टेबलावर पालथी झोपवलेली. तिच्या मणक्यांमध्ये दोन्ही बाजूंनी मिळून वीसेक स्क्रू बसतात, त्यांच्यातून दोन सळ्या जातात आणि त्या सळ्यांच्या आधाराने कणा वळवला जातो. स्क्रू ज्या हाडाच्या खांबातून जातो तो छातीच्या मधल्या मणक्यांत जेमतेम चार-पाच मिलिमीटर रुंद असतो. स्क्रूची जाडीही जवळपास तेवढीच. आणि त्या खांबाच्या आतल्या भिंतीला लागून मज्जारज्जू.

मोठ्या माणसाचा मज्जारज्जू ४५ सेंटिमीटरच्या आसपास लांब, करंगळीएवढा जाड आणि वजनाला ३०-३५ ग्रॅम. हातपाय हलवण्याचे मेंदूचे हुकूम याच्यातून खाली जातात, आणि तळव्याला टोचलेल्या खड्याची बातमी याच्यातूनच वर येते. हुकूम नेणाऱ्या मुख्य वाटेत मेंदूच्या देठापाशी प्रत्येक बाजूला दहा लाखांच्या घरात तंतू मोजले गेले आहेत. बातमी आणणारे तंतू निराळे.

त्या बातमी आणणाऱ्या तंतूंपैकी एकाची लांबी तर विश्वास बसणार नाही अशी आहे. पायाच्या अंगठ्यापासून निघालेला तंतू कमरेच्या मणक्यांजवळच्या पेशीपाशी येतो, आणि तिथून त्याच पेशीची दुसरी फांदी मज्जारज्जूच्या मागच्या भागातून थेट मेंदूच्या देठापर्यंत चढते. मध्ये कुठे जोड नाही. अंगठ्यापासून मानेच्या वरपर्यंत एकच पेशी. उंच माणसात तिची लांबी दीड मीटर भरते आणि जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढी. हेच प्रमाण राखून बागेत पाणी घालायची अर्धा इंची नळी करायची ठरवली, तर ती दोन किलोमीटरच्या जवळ जाईल. मरीन ड्राइव्हच्या जवळजवळ अर्ध्या लांबीची एक सलग नळी, आणि ती एका पेशीची!

त्या पेशीच्या भिंतीवर वीज किती असते? आतला आणि बाहेरचा फरक ७० मिलिव्होल्ट. फार क्षुल्लक वाटतं. पण ती भिंत फक्त सात-आठ नॅनोमीटर जाड असते, मिलिमीटरच्या लाखाव्या भागाहूनही पातळ. भागाकार करून पाहा: मीटरमागे सुमारे एक कोटी व्होल्टचा ताण. कोरड्या हवेत मीटरमागे तीस लाख व्होल्ट झाले की ठिणगी पडते. आपल्या प्रत्येक चेतापेशीची भिंत त्याच्या तिप्पट ताण जन्मभर पेलते. नुसत्या मेंदूत अशा पेशी ८६ अब्ज आहेत.

एवढा ताण असूनही निरोप मात्र सावकाश जातो. १८५० च्या सुमारास जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने बेडकाच्या नसेवर हा वेग मोजला तेव्हा तो सेकंदाला २७ मीटरच्या आसपास निघाला. त्याचे गुरू योहानेस म्युलर यांना तर हा वेग कधी मोजताच येणार नाही असं वाटत होतं. आम्ही तो रोज मोजतो. घोट्यापाशी दिलेला ठोका मोठ्या माणसात सुमारे ३७ मिलिसेकंदांनी मेंदूच्या पृष्ठभागावर पोचतो, मनगटावरचा विसेक मिलिसेकंदांनी. दीड-पावणेदोन मीटरचा प्रवास ३७ मिलिसेकंदांत म्हणजे ताशी दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर. वंदे भारत गाडी रुळांवर जास्तीत जास्त १६० ने धावते. तेवढ्याच ३७ मिलिसेकंदांत प्रकाश अकरा हजार किलोमीटर गेलेला असतो. म्हणजे शरीरातली बातमी रेल्वेने येते, आणि रेल्वेने येते म्हणूनच तिला झालेला उशीर आपल्याला दिसतो. थिएटरमधल्या थंडीने पाय गारठला तर प्रत्येक अंशामागे वेग सेकंदाला दोनेक मीटरने घटतो. पडद्यावरची लाट थोडी उजवीकडे सरकली की मज्जारज्जूबद्दल शंका घेण्याआधी मी पांघरुणाकडे पाहते.

आता मूळ अडचणीकडे येते. तो एक मायक्रोव्होल्ट शोधायचा कशातून? मेंदूचं स्वतःचं चालू कामकाज दहा ते शंभर मायक्रोव्होल्टचं. हृदयाचा ठोका हजार मायक्रोव्होल्टच्या घरात. टेबलाच्या मोटरी, गरम हवेचं पांघरूण, मायक्रोस्कोप, दिवे या सगळ्यांची पन्नास हर्ट्झची गुणगुण. आणि सर्जनच्या हातातली कॉटरी, म्हणजे विजेने कापायचं आणि रक्त थांबवायचं हत्यार, जिचा प्रवाह सेकंदाला काही लाख वेळा दिशा बदलतो आणि जिचा दाब हजार व्होल्टच्या पुढे जातो. हजार व्होल्ट आणि एक मायक्रोव्होल्ट यांच्यात एक अब्ज पटींचा फरक आहे. कॉटरी चालू असताना माझा पडदा नुसता काळाकुट्ट भरून जातो. तेवढा वेळ मी आंधळी असते.

यातून वाट काढली ती लंडनच्या क्वीन स्क्वेअर इथल्या रुग्णालयात जॉर्ज डॉसन यांनी. १९४७ मध्ये त्यांनी एकावर एक उमटवलेल्या छायाचित्रांतून असा प्रतिसाद पकडला, आणि १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला धारित्रांची रांग आणि फिरता स्विच वापरून अनेक प्रतिसादांची बेरीज करणारं यंत्र बनवलं. कल्पना अशी. दादर स्टेशनवर संध्याकाळी सहा वाजता कुणीतरी बारीकशी घंटा वाजवतंय. ऐकू येणं अशक्य. पण ती घंटा ठरलेल्या क्षणी वाजते, आणि गर्दीचा गोंगाट कधी असा तर कधी तसा. प्रत्येक वेळचा आवाज टेपवर घेतला आणि घंटेच्या क्षणावर क्षण ठेवून सगळ्या टेपा एकमेकींवर रचल्या, तर गोंगाट एकमेकांना खोडत जातो आणि घंटा प्रत्येक थराबरोबर साठत जाते. ठोका आम्हीच देतो, त्यामुळे क्षण आम्हाला नेमका ठाऊक असतो.

पण हे गणित कंजूष आहे. गोंगाट कमी होतो तो ठोक्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने. शंभर ठोके दिले की दहा पट, चारशे दिले की वीस पट. शंभर पट शांतता हवी असेल तर दहा हजार ठोके. सेकंदाला ४.७ या गतीने दहा हजार ठोक्यांना पस्तीस मिनिटं लागतात, आणि पस्तीस मिनिटांनी मिळालेलं उत्तर पायांच्या काहीच कामाचं नसतं. म्हणून आम्ही तीनशेच्या आसपास थांबतो. त्याला एक मिनिट आणि चार सेकंद लागतात. माझ्या कामातला सगळ्यात अवघड आकडा हाच. पडद्यावर जी लाट उमटते ती या क्षणाची नसते, गेल्या मिनिटाची असते. मध्ये कॉटरी चालली तर ते मिनिट दोनाचं, तिनाचं होतं. “सर, कॉटरी एक मिनिट थांबवता का?” हे वाक्य मी एका दिवसात किती वेळा म्हणते ते मोजलेलं नाही. चांगले सर्जन थांबतात.

४.७ ही विचित्र गती का, असं नवीन मुलं हमखास विचारतात. सरळ पाच का नको? कारण भिंतीतली वीज सेकंदाला पन्नास वेळा हेलकावते. सेकंदाला पाच ठोके दिले तर प्रत्येक ठोका त्या हेलकाव्याच्या त्याच जागी पडेल, आणि विजेची गुणगुणच घंटेसारखी साठत जाईल. पन्नासला ४.७ ने भाग पूर्ण जात नाही. तेवढ्या एका दशांशावर दिवसाचं काम तरतं.

सहा तासांची शस्त्रक्रिया असेल आणि या गतीने एकाच पायाला न थांबता ठोके दिले, तर ते एक लाखाच्या वर जातात. आमचे हात-पाय आळीपाळीने चालतात. डोक्यात, खांद्यांत, हातांत, पोटाच्या स्नायूंत, मांड्यांत, पोटऱ्यांत, तळव्यांत मिळून तीस-चाळीस बारीक सुया लावलेल्या असतात, आणि प्रत्येक जोडीच्या तारा एकमेकींत पिळून घ्यायच्या म्हणजे गुणगुण कमी शिरते. समजा यंत्राच्या सोळा वाहिन्या चालू आहेत आणि प्रत्येकीवर सेकंदाला वीस हजार नोंदी होत आहेत. सहा तासांत जवळपास ६९० कोटी नोंदी होतात. पृथ्वीवरची माणसं याहून फार जास्त नाहीत. त्यातून मी सर्जनना सांगायची गोष्ट बहुतेक दिवशी एका शब्दाची असते: “आहे.”

वर जाणारी वाट झाली. खाली येणारी वेगळी तपासावी लागते, आणि याचं कारण रक्तपुरवठ्यात आहे. मज्जारज्जूच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागाला समोरून उतरणारी एकच धमनी पोसते. मागच्या तिसऱ्या हिश्शाला दोन. संवेदनेची वाट मागे आहे, हालचालीच्या वाटा बाजूला आणि पुढे. पुढच्या धमनीचं रक्त कमी झालं तर संवेदनेची लाट जशीच्या तशी येत राहील आणि तरीही रुग्ण उठेल तो पाय न हलवता. म्हणून आम्ही डोक्यावरून उलटा ठोका देतो. मर्टन आणि मॉर्टन यांनी १९८० मध्ये कवटी न उघडता, बाहेरून वीज देऊन जाग्या माणसाचे स्नायू हलवून दाखवले. झोपलेल्या माणसाला एक ठोका पुरत नाही. १९९० च्या दशकात कळलं की चार-पाच-सहा ठोके दोन-चार मिलिसेकंदांच्या अंतराने द्यावेत. दाब काहीशे व्होल्ट, पण एकेक ठोका ५० मायक्रोसेकंदांचा. पाच ठोक्यांत मिळून प्रत्यक्ष वीज वाहते ती मिलिसेकंदाचा पाव भाग. त्याचं उत्तर तळव्याच्या स्नायूत चाळीसेक मिलिसेकंदांनी येतं, शेकडो मायक्रोव्होल्टचं, आणि सरासरी काढायची गरज पडत नाही. हे उत्तर ताजं असतं. पण अंग किंचित उसळतं, जबडा आवळतो. म्हणून दातांमध्ये कापसाची मऊ गुंडाळी आधी घालावी लागते, नाहीतर जीभ चावली जाते. आणि दरवेळी विचारावं लागतं, “मोटर घेऊ का?” सर्जन हात वर घेतात, “घ्या” म्हणतात.

भूलतज्ज्ञांशिवाय यातलं काहीच होत नाही. भुलीचा वायू जास्त झाला की मोटरची लाट बसते, स्नायू सैल करणारं औषध चालू असलं तर ती येतच नाही. म्हणून अशा शस्त्रक्रियेत भूल मुख्यतः शिरेतल्या औषधावर चालवतात. केसच्या आधी त्यांच्याशी झालेलं पाच मिनिटांचं बोलणं माझ्या महागड्या यंत्राइतकंच मोलाचं असतं.

यंत्रं नव्हती तेव्हा काय करत? फ्रान्समधल्या स्टान्यारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये सांगितलेली रीत: शस्त्रक्रिया अर्ध्यात असताना, पाठ उघडी असताना, भूल हलकी करून रुग्णाला हाक मारायची आणि पाय हलवायला सांगायचं. हलले की पुन्हा झोपवायचं. आजही शंका उरली तर हेच करतात. ही चाचणी खरी आणि चोख आहे, पण ती एका क्षणाची. पुढच्या दहाव्या मिनिटाला काय झालं ते तिला ठाऊक नसतं.

मेंदूच्या कामात आकडे आणखी लहान होतात. ऐकण्याच्या नसेवरची गाठ काढताना चेहऱ्याची नस जपायची असते. जर्मन सर्जन फेडोर क्राउझ यांनी १८९८ मध्येच शस्त्रक्रियेत चेहऱ्याच्या नसेला वीज देऊन चेहरा हलतो का ते पाहिलं होतं. आज गाठ निघाल्यावर ०.०५ मिलिअँपिअरने चेहरा हलला तर आम्ही सगळेच सुटकेचा श्वास टाकतो. मेंदूच्या आतल्या गाठीत एक ठोकताळा आहे: जितक्या मिलिअँपिअरला हात हलतो, हालचालीची वाट साधारण तितके मिलिमीटर दूर. पाचला हलला, तीनला हलला, दोनला हलला. दोनला हात हलल्यावर थिएटरमध्ये कुणी मोठ्याने बोलत नाही.

आणि इशारा? संवेदनेच्या लाटेची उंची निम्मी झाली, किंवा तिला दहा टक्के उशीर झाला, तर बोलायचं. ३७ चे दहा टक्के म्हणजे पावणेचार मिलिसेकंद. एक मायक्रोव्होल्टचा अर्धा मायक्रोव्होल्ट झाला, म्हणून वीस वर्षं चाकू हाती धरलेल्या माणसाला थांबवायचं. बोलण्याआधी मनात भराभर यादी जाते: सुई निघाली का? हात अवघडून दबलाय का? हाताच्याच लाटा गेल्या असतील तर खांदा सरकवून बघावं, पुष्कळदा तेवढ्याने परत येतात. चारही ठिकाणच्या लाटा एकत्र बसल्या तर भूल किंवा रक्तदाब. दोन्ही पायांच्या गेल्या आणि हातांच्या शाबूत, तर मामला पाठीतला. अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये अशा प्रसंगासाठी एक यादी छापली. खोलीतलं बोलणं बंद करा, सरासरी रक्तदाब वाढवा, हिमोग्लोबिन पाहा, ताण सोडा, शेवटी बसवलेला स्क्रू काढा. रक्तदाब ६० वरून ८५ वर गेला की कित्येकदा दोन-तीन मिनिटांत लाट हळूहळू उभी राहते. ती उभी राहताना पाहणं हे या नोकरीतलं माझं सगळ्यात मोठं सुख आहे, आणि ते मी कुणाला दाखवू शकत नाही.

या सगळ्याने खरंच फरक पडतो का? १९७५ मध्ये अमेरिकेत बाकाच्या ७,८८५ शस्त्रक्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. मज्जातंतूंना इजा झालेल्यांचं प्रमाण ०.७२ टक्के होतं. हजार मुलांत सात. वीस वर्षांनी, १९९५ मध्ये, मार्क न्यूअर आणि सहकाऱ्यांनी मॉनिटरिंगखाली झालेल्या ५१,२६३ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. यंत्राने सगळं ठीक सांगितलं आणि तरीही इजा झाली, असं ०.०६३ टक्के वेळा घडलं होतं. दीड-एक हजारांत एकदा. पण त्याच पाहणीतला दुसरा निष्कर्ष मला जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्या चमू या कामात मुरलेल्या होत्या त्यांच्या रुग्णांतल्या इजा, नवख्या चमूंच्या रुग्णांतल्या इजांच्या निम्म्याहूनही कमी होत्या. यंत्रं दोन्हीकडे होती.

अमेरिकेत या कामाच्या प्रमाणपत्र परीक्षेसाठी १५० केसेसची नोंद दाखवावी लागते. मी काम करत करत शिकले. पहिल्या शंभर केसेसमध्ये मी ज्या लाटेला घाबरले ती बहुतेक वेळा निखळलेली सुई होती. आणि एकदा जिला सुई समजले ती सुई नव्हती. शेजारी उभ्या असलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याने माझ्याआधी तोंड उघडलं म्हणून ते निभावलं. ते अर्धं मिनिट मी विसरलेले नाही. आजही लाट हलली की मी आधी मोठ्याने बोलते आणि मग सुई तपासते. खोटा इशारा दिल्याबद्दल बोलणी खाल्ली आहेत. ती खाण्याची माझी तयारी आहे.

तुमच्या घरात कुणाची अशी शस्त्रक्रिया ठरली, तर खर्च विचाराल, किती दिवस राहायचं ते विचाराल, टाके कधी निघतील तेही विचाराल. त्याबरोबर सर्जनना एवढं विचारा: या शस्त्रक्रियेला मॉनिटरिंग लागतं का? लागत असेल, तर पडद्यासमोर पूर्ण वेळ कोण बसणार आहे, आणि त्यांनी अशा किती केसेस पाहिल्या आहेत? हे विचारायला संकोच करू नका. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी जमलं तर त्या माणसाला भेटा आणि पायाला आधीपासून मुंग्या येतात का, मधुमेह आहे का, कधी फिट आली होती का, हे स्वतःहून सांगा. आमची पहिली लाट कशी दिसायला हवी ते आम्हाला त्यावरूनच कळतं.